फुलांच्या खोलीतील खाट : व्यसनी रुग्ण, इस्पितळ आणि मंडळी

धर्मसेवेत काही वर्षे घालविलेल्या कोणाही पाळकास वा धर्मशिक्षकास एक प्रसंग अपरिचित नसावा. रात्री उशिरा दारावर थाप पडते. बाहेर कोणाची तरी आई किंवा पत्नी उभी असते. मागे रिक्षात तिचा माणूस अर्धवट शुद्धीत पडलेला असतो. ती प्रार्थनेची विनंती करीत नाही, उपदेश तर तिला नकोच असतो. "याला कुठेतरी भरती करा," एवढेच ती म्हणते. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांची जी अवस्था होते तिला गोंधळ हाच शब्द योग्य होय. कोठे भरती करावे? कोणते इस्पितळ घेईल? घेतलेच तर कोणत्या रोगाच्या नावाखाली?

व्यसन हे पाप की रोग, या विषयावर आपल्या पाठशाळांतून पुष्कळ चर्चा झालेली आहे. परंतु त्या माणसाला पहिले पाच-सात दिवस निजवावयाचे कोठे, या साध्या प्रश्नालाही एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मंडळीचा भाग लहान नाही. तो सर्वस्वी भूषणावहही नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे पडून राहिलेल्या मनुष्याची तक्रार आपण जाणतो. पाणी होते, बरे होण्याची वेळही येत होती. त्यास तेथवर उचलून नेणारे कोणी नव्हते. प्रस्तुत लेखात आम्ही उचलून नेणाऱ्यांविषयी लिहीत आहो.

एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती समाजाने मद्यपानाविरुद्ध जी प्रचंड चळवळ केली, तिचे मुख्य साधन शपथ हे होते. सभा भरावी, दारूचे दुष्परिणाम वर्णावेत, श्रोत्यांनी पुढे येऊन प्रतिज्ञापत्रावर सही करावी, अशी पद्धत. मराठी वाचकास या चळवळीचा परिचय पंडिता रमाबाईंनी आपल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात १८८९ मध्येच करून दिला आहे. तेथील स्त्रियांच्या मद्यपाननिषेध संघाशी त्यांचा स्वतःचा संबंध होता. या चळवळीचे ऋण मोठे आहे. घरातील बायकामुलांचे हाल सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडण्याचे धैर्य तिने दाखविले. तथापि शपथ घेण्यापुरतीही शुद्ध ज्यास उरलेली नाही, त्यास तिच्यापाशी जागा नव्हती. जो शपथ घेऊन आठ दिवसांत मोडी, तो तर दुहेरी अपराधी ठरे.

वैद्यांनी याच काळात निराळा मार्ग धरला होता. स्कॉटलंडचा आरमारी वैद्य थॉमस ट्रॉटर याने १८०४ मध्ये मद्यासक्तीवर ग्रंथ लिहून ती मनाची व्याधी आहे असे प्रतिपादिले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन येथे केवळ मद्यासक्तांसाठी किल्ल्यासारखी भव्य इमारत उभारून १८६४ मध्ये आश्रयालय उघडण्यात आले. पंधरा वर्षांनी, १८७९ मध्ये, राज्याने ते बंद करून तेथे असाध्य वेडाच्या रुग्णांसाठी आलय केले. त्याच वर्षी इंग्लंडात झालेल्या कायद्याने दारुड्यास स्वेच्छेने परवानाधारक आश्रमात दाखल होण्याची सोय दिली. मात्र त्यासाठी दोन दंडाधिकाऱ्यांसमोर आपले स्वातंत्र्य सोडून देणारा अर्ज करावा लागे, शिवाय राहण्याचा खर्च रुग्णाकडेच. गिरणीतला मजूर तेथे जाणार कसा, हा विचार कायदा करणाऱ्यांच्या मनात आलेला दिसत नाही.

आता आपण जरा पूर्वेकडे वळू, कारण या प्रकरणाचा एक धागा आमच्या वाचकांच्या गावांतून जातो. माळव्यातील अफू, म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर व शेजारच्या संस्थानांच्या शेतांतील अफू, मुंबई बंदरातून चीनला जात असे. या व्यापाराने मुंबईत मोठमोठी घराणी उभी राहिली. १८४५ मध्ये उघडलेले मुंबईचे जे. जे. इस्पितळ ज्या सर जमशेटजी जिजीभाईंच्या औदार्याने उभे राहिले, त्यांच्या संपत्तीतही चीनच्या अफूव्यापाराचा मोठा वाटा होता. एका देशातील रुग्णशय्या दुसऱ्या देशातील व्यसनाच्या पैशावर उभी राहावी, हे सहज आठवले म्हणून येथे नमूद केले. त्या इस्पितळाने वाचविलेले जीव त्यामुळे कमी मोलाचे होत नाहीत.

चीनमधील मिशनऱ्यांना अफूचा प्रश्न दवाखान्याच्या दारातच भेटे. त्यांनी ठिकठिकाणी अफू सोडविणारी आश्रयस्थाने काढली. माणसास काही दिवस ठेवून घ्यावयाचे, अफू बंद करावयाची आणि त्या वेदनांवर औषध द्यावयाचे, असा क्रम. पण येथे एक मोठी चूक घडली. अफू सोडविण्यासाठी म्हणून ज्या गोळ्या वाटण्यात आल्या त्यांपैकी कित्येकांत मॉर्फिन होते, आणि मॉर्फिन हा अफूचाच अर्क. लोक अफू सोडून गोळ्यांच्या आहारी गेले. बाजारात त्या गोळ्यांना 'येशूची अफू' असे नाव पडले. इतके बोचक नाव आमच्या प्रभूच्या नावास जोडलेले आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. हेतू शुद्ध होता, औषध सद्भावनेने दिले गेले होते. परंतु हेतूची शुद्धता औषधाच्या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही, हे त्या नावाने कायमचे लिहून ठेवले. आजही कोणी धर्मभावनेच्या आवरणाखाली अनोळखी पुड्या वा काढे देऊ लागला की आम्हांस हे नाव आठवते.

याच चीनमध्ये शान्शी प्रांतात शी नावाचा एक विद्वान गृहस्थ होता. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील शिक्षण, गावात मान, आणि अफूचे जुने व्यसन. १८७७-७८ च्या भयंकर दुष्काळात मदतकार्यासाठी आलेले मेथडिस्ट मिशनरी डेव्हिड हिल यांनी विद्वानांसाठी निबंधस्पर्धा जाहीर केली. शी याने बक्षीस मिळविले आणि पुढे तो हिल यांच्याकडे भाषाशिक्षक म्हणून राहिला. तेथे नवा करार वाचता वाचता १८७९ मध्ये त्याने ख्रिस्तास स्वीकारले व अफू सोडली. सोडताना त्याने जे सोसले ते त्याच्या चरित्रात सविस्तर आले आहे. शेङ्मो, म्हणजे दुरात्म्यांवर जय मिळविणारा, हे नाव त्याने घेतले. त्याचे वैशिष्ट्य पुढेच आहे. आपण सुटलो म्हणून साक्ष देत गावोगाव हिंडण्यावर तो थांबला नाही. त्याने घरे भाड्याने घेतली, त्यांत माणसे ठेवली आणि त्यांची देखभाल करण्यास स्वतः व्यसनातून सुटलेली माणसे नेमली. परदेशी औषध संपले तेव्हा त्याने देशी वनस्पतींच्या गोळ्या स्वतः तयार केल्या. १८९६ मध्ये तो वारला तोवर अशी सुमारे ४५ आश्रयस्थाने निघाली होती. त्याचा स्वभाव हेकट होता, सहकाऱ्यांशी खटके उडत, गोळ्यांवरून भांडणेही झाली. पण व्यसनी माणसाजवळ रात्री बसावयास पूर्वीचा व्यसनीच हवा, ही गोष्ट त्याने ओळखली.

इकडे हिंदुस्थानात अफूविरुद्ध मिशनऱ्यांनी आवाज उठविला. १८९३ मध्ये राजकीय अफू आयोग नेमला गेला आणि १८९५ मध्ये त्याने व्यापार चालू ठेवण्याच्या बाजूनेच कौल दिला. वादाचा सर्व रोख विक्रीवर होता. अफू खाणाऱ्यास कोठे ठेवावे, हा त्या वादाचा विषय नव्हता.

यानंतर आपणास अमेरिकेत जावे लागते. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथील टाउन्स हॉस्पिटल या खासगी इस्पितळात विल्यम विल्सन नावाचा एक शेअरबाजारातील माणूस दारूपायी पुन्हा एकदा दाखल झाला. ही त्याची तेथील शेवटची खेप ठरली. डॉ. विल्यम सिल्कवर्थ हे तेथील वैद्य. दारूच्या बाबतीत या माणसांच्या शरीराची प्रतिक्रियाच निराळी असते व मन तिच्याकडे ओढ घेते, असे त्यांचे मत होते. विल्सनचा एक जुना मित्र, 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती चळवळीच्या संगतीने दारूपासून दूर राहिलेला, त्यास भेटून गेला. त्या इस्पितळातच विल्सन यास प्रकाशाचा व शांतीचा तो अनुभव आला ज्याचे वर्णन त्याने पुढे अनेकदा केले. त्यास बेलाडोनायुक्त औषध दिले जात होते, आणि त्या औषधाने भास होऊ शकतात. म्हणून काही लेखक या अनुभवास औषधाचा परिणाम म्हणतात. आम्ही या वादात पडत नाही. डॉ. सिल्कवर्थ यांनी त्यास वेडा ठरविले नाही आणि मिळाले आहे ते घट्ट धरून ठेव असा सल्ला दिला, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. विल्सन यानंतर १९७१ मध्ये मरेपर्यंत दारूस शिवला नाही.

मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या कामाने ओहायो राज्यातील ॲक्रन या रबराच्या कारखान्यांच्या गावी गेला. काम फसले. दारूची ओढ अनावर होऊ लागली तेव्हा त्याने एका धर्मोपदेशकाकडे दूरध्वनीवरून चौकशी केली आणि अशा रीतीने त्याची गाठ डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. स्मिथ स्वतः दारूने जवळजवळ बुडालेले होते. त्यांनी त्याच वर्षी १० जूनला शेवटचा प्याला घेतला, आणि हा दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा आरंभदिन मानला जातो. दोघांनी लगेच तिसरा माणूस शोधण्यास सुरुवात केली. तो कोठे सापडला? इस्पितळात. ॲक्रन सिटी हॉस्पिटलमध्ये परिचारिकांवर हात उगारल्यामुळे खाटेस बांधून ठेवलेला एक वकील. हे दोघे त्याच्या उशाशी जाऊन बसले व स्वतःची हकिगत सांगू लागले. ४ जुलै रोजी तो इस्पितळाबाहेर पडला तो पुन्हा प्याला नाही.

येथवर कथा सरळ आहे. अडचण यानंतरची. डॉ. स्मिथ यांना रोज नवी माणसे मिळू लागली. त्यांना ठेवावयाचे कोठे? इस्पितळे दारुड्यांना घेत नसत. आणि इस्पितळांचीही बाजू होती, ती आपण न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे. असा रुग्ण रात्री ओरडतो, शेजारच्या रुग्णास झोप लागू देत नाही, परिचारिकांना मारतो, बिल बुडवितो आणि महिन्याभरात पुन्हा तसाच दारी येतो. मग आजारी माणसाची खाट त्यास का द्यावी? म्हणून डॉ. स्मिथ निरनिराळ्या इस्पितळांत निरनिराळ्या रोगांच्या नावाखाली माणसे ठेवीत.

ॲक्रनमध्येच सेंट थॉमस नावाचे कॅथलिक इस्पितळ होते. ते १९२८ मध्ये संत ऑगस्टीनच्या दया-भगिनींनी उघडले. तेथे रुग्णांना दाखल करून घेण्याचे टेबल सिस्टर मेरी इग्नेशिया गॅविन यांच्याकडे होते. त्या मूळच्या आयर्लंडच्या मेयो परगण्यातील, जन्म १८८९, बालपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आलेल्या. धर्मभगिनी झाल्यावर त्या संगीत शिकवीत. प्रकृती पार खालावली, मनही खचले, आणि दीर्घ आजारानंतर संगीताचे काम सोडून हलके काम म्हणून त्यांना इस्पितळाच्या नोंदवहीपुढे बसविण्यात आले. आपल्या धर्मप्रांतांतही अशा बदल्या होतात, आणि त्या माणसास बहुधा अपमानास्पदच वाटतात. सिस्टरांच्या टेबलावरून मात्र कोणास खाट मिळेल व कोणास नाही हे ठरत होते.

एकदा त्यांनी असाच एक दारुडा दाखल करून घेतला होता. रात्री तो भ्रमात उठून वऱ्हांड्यात धावू लागला. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या प्रमुख परिचारिकेने सिस्टरांना बजावले की पुढच्या वेळी अशाच्या मागे धावावयास तुम्हीच रात्रभर जागावे. त्यामुळे १९३९ मध्ये डॉ. स्मिथ यांनी आपली स्वतःची हकिगत सांगून एका माणसासाठी खाट मागितली तेव्हा त्या कचरल्या. कचरल्या, परंतु नाही म्हणाल्या नाहीत. १६ ऑगस्ट १९३९ रोजी तो माणूस दोन खाटांच्या खोलीत दाखल झाला. नोंदवहीत रोगाचे नाव पडले 'तीव्र जठरदाह'. वरिष्ठ सिस्टरांना यातले काही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले आणि म्हणाले, याला भेटावयास काही माणसे येतील, त्यांना मोकळेपणी बोलता यावे अशी जागा हवी. साऱ्या इस्पितळात तशी एकच जागा उरली होती. रुग्णांसाठी आलेली फुले जेथे पाण्यात घालून ठेवीत ती छोटी खोली. सिस्टरांनी खाट ढकलत तेथे नेली. ती आत मावली.

धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एक प्रश्न अडतो, आणि आम्हांसही तो बराच काळ अडला. 'जठरदाह' ही नोंद खोटी नव्हती काय? त्या माणसाच्या जठरास दाह होता यात शंका नाही; इतकी दारू प्यालेल्या माणसास तो असतोच. पण त्यास दाखल करण्याचे कारण ते नव्हते. कायदेपंडित म्हणेल की लिहिलेला शब्द खरा आहे. आमच्या मते ही पळवाट आहे. सिस्टरांनी आपल्या वरिष्ठांपासून काही लपविले, आणि ते त्यांनाही ठाऊक होते. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. 'दारुडा' असा शब्द लिहिताच जे दार बंद होते, त्या दाराच्या व्यवस्थेनेच आधी एक असत्य स्वीकारलेले असते. हा माणूस आजारी नाही, हे ते असत्य. सिस्टरांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी आडनोंदीलाच कायमचा मार्ग केला नाही. लवकरच त्यांनी सर्व हकिगत वरिष्ठांपुढे ठेवली. इस्पितळाचे धर्मगुरू फादर व्हिन्सेंट हास या मंडळींच्या सभेस स्वतः जाऊन बसले, पाहून आले आणि अनुकूल मत दिले. त्यानंतर मद्यासक्तांना मद्यासक्त म्हणूनच उघडपणे घेण्याचे धोरण त्या इस्पितळाने ठरविले. असे कायम धोरण ठेवणारे ते पहिलेच धार्मिक इस्पितळ मानले जाते. ज्या खोट्या नोंदीची परिणती खऱ्या नोंदीत होते तिची तुलना, आयुष्यभर नुसती शिफारसपत्रे देत राहणाऱ्या आमच्यासारख्यांच्या पत्रांशी करू नये.

फुलांच्या खोलीतून दोन खाटा, मग चार, मग एक छोटा वॉर्ड झाला. तो प्रार्थनामंदिराच्या गॅलरीस लागून होता. रुग्ण इस्पितळाच्या कपड्यांतच तेथे जाऊन बसू शकत. मुक्काम पाच दिवसांचा. प्रत्येक दिवसाचा विषय ठरलेला होता. पहिल्या दिवशी स्वागत, मग आपल्या अवस्थेची जाणीव, मग स्वतःचा नैतिक हिशेब, मग निश्चय, आणि पाचव्या दिवशी पुढील आयुष्याची आखणी. इग्नेशियसच्या अध्यात्मसाधनेची ज्यास ओळख आहे त्यास हा क्रम ओळखीचा वाटेल. प्रत्येक रुग्णास आणणारा एक जामीनदार असे, स्वतः सुटलेला. तोच पाचव्या दिवशी त्यास घेऊन जाई. दिवसभर दुसरे सुटलेले लोक येऊन बोलत बसत. सर्वसाधारणपणे एका माणसास दुसऱ्यांदा प्रवेश नसे. हा नियम आज आपल्यास कठोर वाटेल, आणि पुनःपतन हा या रोगाचा नित्याचा भाग आहे हे आता कळल्यामुळे तो टिकविण्याजोगाही नाही. पण खाटा थोड्या व रांग मोठी, हे त्यामागील साधे कारण होते. निघताना सिस्टर प्रत्येकास पवित्र हृदयाचे एक लहान पदक देत व एक वचन घेत. पुन्हा पिण्याचे ठरवशील तर आधी हे पदक मला आणून परत दे. कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, सर्वांस हेच. स्वतः डॉ. स्मिथ प्रॉटेस्टंट होते.

डॉ. स्मिथ १९५० मध्ये वारले. त्यांनी सुमारे ५,००० रुग्णांस विनामूल्य सेवा दिली असे त्यांची संघटना सांगते. १९५२ मध्ये सिस्टरांची बदली क्लीव्हलँड येथील सेंट व्हिन्सेंट चॅरिटी इस्पितळात झाली. तेथे त्यांनी नवा विभाग काढला व त्यास 'रोझरी हॉल सोलॅरियम' असे नाव दिले. या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांच्या आद्याक्षरांशी जुळतात; हा योगायोग नव्हता. अमेरिकन वैद्यक संघटनेने मद्यासक्तांना सर्वसाधारण इस्पितळांत प्रवेश द्यावा असा ठराव केला तो १९५६ मध्ये, म्हणजे फुलांच्या खोलीनंतर १७ वर्षांनी. सिस्टर १९६६ मध्ये निवर्तल्या.

ज्या १९३५ साली ॲक्रनमध्ये दोन माणसे एका खाटेशी बसली, त्याच वर्षी अमेरिकन सरकारने केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे अफू व तिच्या अर्कांच्या व्यसनींसाठी प्रचंड संस्था उघडली. अर्धे इस्पितळ, अर्धा तुरुंग. शेती होती, कारखाने होते, उत्तम शास्त्रज्ञ होते. मॉर्फिन उतरविण्यासाठी मेथाडोनचा उपयोग तेथेच अभ्यासला गेला. तरी तेथून बाहेर पडलेल्यांपैकी फार मोठा भाग पुन्हा व्यसनाकडे वळला आणि १९७४ मध्ये ती संस्था इस्पितळ म्हणून बंद झाली. तेथे खाटांची उणीव नव्हती. आगगाडीतून उतरून जुन्या मोहल्ल्यात परतणाऱ्या माणसास स्थानकावर घ्यावयास मात्र बहुधा कोणी नसे.

आमच्या प्रदेशाकडे येऊ. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबईत १९५७ पासून भरू लागल्या. १९८१ मध्ये मुंबई महाधर्मप्रांताचे फादर ज्यो परेरा यांनी वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतः या व्यसनातून गेलेले, आणि बी. के. एस. अय्यंगार यांचे योगशिष्य. त्यांच्या उपचारात योगास मोठे स्थान मिळाले. त्याच दशकात मुंबई-पुण्यात गर्दचा, म्हणजे हेरॉइनच्या अशुद्ध पुडीचा, सुळसुळाट झाला. अनिल अवचट यांनी त्यावर जे लिहिले ते वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी देणगी पुढे केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उघडले. त्याची धुरा डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी वाहिली. त्या त्याच मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. ही संस्था ख्रिस्ती नाही. तरी व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच कार्यकर्ते करण्याची तेथील रीत पाहून शान्शीतील शी पास्टर व ॲक्रनचे जामीनदार आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता एक कबुली. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका खेड्यातील मंडळीत आम्ही एका मद्यासक्त बांधवास पवित्र शास्त्रावर हात ठेवून त्याच क्षणी दारू सोडण्याची शपथ घ्यावयास लावले. घरच्यांनी त्यास खोलीत कोंडून ठेवावे, असेही सुचविले. उपासप्रार्थना चालू होती. तिसऱ्या रात्री त्यास झटके आले, मग भिंतीवर किडे दिसू लागले, कोणासच ओळखेना. जीप मिळवून तालुक्याच्या गावी नेले. तेथील नोंदणीच्या टेबलावर आम्हांस सांगण्यात आले की दारूच्या केसेस येथे घेत नाहीत. अखेर 'ताप' असे लिहून त्यास आत घेतले गेले. तो वाचला. आम्ही त्या रात्री शांतपणे 'ताप' या शब्दाखाली साक्षीदार म्हणून सही केली. सिस्टर इग्नेशियांची हकिगत आम्ही पुढे कित्येक वर्षांनी वाचली.

त्या रात्री जे ठाऊक नव्हते ते येथे सांगितले पाहिजे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके व दोन ते चार दिवसांत भ्रमाची अवस्था येऊ शकते. उपचार न झाल्यास तीत मृत्यूही येतो. झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्यांचेही असेच. म्हणून अशा माणसास घरी कोंडणे हे धर्मकृत्य नव्हे. अफू, गर्द यांच्या बंदीत वेदना भयंकर असतात, पण धोका बहुधा नंतरचा असतो. काही आठवडे दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास बंद पडतो. इस्पितळातून परतलेल्या तरुणाचा घरच्यांनी निःशंकपणे जल्लोष करावा असा तो काळ नसतो.

कायद्याची बाजूही बदलली आहे. पुष्कळ कुटुंबे पोलिसांच्या भीतीने मुलास इस्पितळात नेत नाहीत. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ असे आहे की सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी वा सरकारमान्य संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार पुरा केला पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे. अशा आजाराच्या रुग्णांना ठेवणाऱ्या संस्थेने नोंदणीकृत असले पाहिजे, आणि रुग्णास साखळीने बांधणे निषिद्ध आहे. प्रार्थनेच्या नावाखाली चालणारी काही घरे अद्याप या दोन्ही गोष्टी पाळीत नाहीत. तेथे आपल्या मंडळीतील माणूस पाठविण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे, खिडक्यांना गज कसे आहेत तेही पाहावे.

ज्या पाळकांनी आम्हांस याबाबत पत्रे लिहून विचारले त्यांस एवढेच सुचवितो. कपाटात एक वही ठेवावी. तीत आपल्या जिल्ह्यातील सरकारी इस्पितळाचा मनोविकार विभाग, जवळचे नोंदणीकृत व्यसनमुक्ती केंद्र, तेथे किती दिवस ठेवतात, स्त्रियांना घेतात की नाही, खर्च किती, कागदपत्रे कोणती, हे लिहून ठेवावे. केंद्र शासनाचा व्यसनमुक्तीविषयक दूरध्वनी १४४४६ हा पहिल्या पानावर असावा. स्त्रियांविषयीची चौकशी विशेष करावी. बहुतेक केंद्रे पुरुषांसाठीच आहेत आणि हे ऐन रात्री कळून उपयोग नाही. त्याच वहीत मंडळीतील किंवा शेजारच्या गावातील अशा दोन-तीन माणसांची नावे असावीत, जी स्वतः यातून गेलेली आहेत, खाटेशेजारी बसावयास तयार आहेत आणि सुटी मिळण्याच्या दिवशी दारावर हजर राहतील. वही दर सहा महिन्यांनी तपासावी. केंद्रे बंद पडतात, दूरध्वनी बदलतात. गेल्या वर्षी आमच्या वहीतील पाच नोंदींपैकी दोन आम्हांस खोडाव्या लागल्या.